पुढे धावणारी

सत्यशीला न्यूमोनियातून उठली तेव्हा डिसेंबर लागला होता. दिवाळीनंतरच्या एका पहाटे ती बिनबाह्यांचा पिवळा सुती टी-शर्ट घालून धावायला गेली होती. घामाने आणि धुक्याने तो चिंब भिजला. घरी पोचली तर अमेरिकेचा कॉल सुरू झालेला, म्हणून ती तशीच ओल्या अंगाने कॉम्प्युटरसमोर बसली. संध्याकाळी हुडहुडी भरली, आणि पुढचे कितीतरी दिवस दवाखान्यात गेले. तो टी-शर्ट श्रीनिवासने, तिच्या नवऱ्याने, रागाने कचऱ्यात टाकून दिला.

ती मूळची यवतमाळची. आयटी कंपन्या पोरांना खोऱ्याने नोकऱ्या देत होत्या तेव्हा पुण्याला आली, आणि लग्नानंतर दोघांनी शहराबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला. इमारत नवी होती, फाटकाबाहेर मात्र अजून ऊसच होता. त्या उसामधून नदीकडे जाणारा रस्ता हा तिचा धावायचा रस्ता.

पुन्हा सुरुवात करण्याआधी तिने हिंदुराव सरांना फोन केला. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, रविवारी हौशी धावपटूंना शिकवायचे.

"आधी नुसतं चालायचं," ते म्हणाले. "मग चालता चालता थोडं पळायचं. पळताना बोलता येत नसेल तर थांबायचं. शौर्य दाखवायचं असेल तर दुसरे गुरुजी शोधा."

"आणि कपडे, सर?"

"सुती काही नको, ते घाम धरून ठेवतं. अंगालगत पातळ, घाम लवकर वाळेल असं. त्यावर पूर्ण बाह्यांचं. वर वाऱ्याला अडवणारं जॅकेट. कान झाका. दारात उभं राहून छान ऊब वाटली, तर जास्त घातलंय असं समजा. घरी आल्यावर पहिलं काम ओले कपडे बदलायचं. कॉल नंतर."

पहिल्या सकाळी तिने सगळं तसंच घातलं. रस्त्यावर धुकं इतकं होतं की उसाचे तुरे तेवढे वर तरंगल्यासारखे दिसत होते. वाटेत सोजरबाईंचा गोठा लागायचा. सोजरबाई म्हशीची धार काढून उठत होत्या.

"आज सावकाश गं?" त्या म्हणाल्या.

"आजारी होते ना मावशी. आज पहिल्यांदाच बाहेर पडतेय."

सोजरबाईंनी चरवी खाली ठेवली. "कोन आजारी? तू तर रोज जातीस की हितनं. त्या पिवळ्या बनियनवर. मी म्हनलं, पोरीला थंडी कशी वाजत न्हाई."

"दुसरी कुणी असेल."

"मला काय डोळं न्हाईत व्हय? तूच हाय."

सत्यशीला हसली आणि पुढे गेली. म्हातारीला धुक्यात काय दिसणार, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी ती लवकर परतली.

दुसऱ्या दिवशी तिला तो पिवळा रंग दिसला. बराच पुढे, धुक्यात विरत विरत, कुणी बाई धावत होती. पळताना तिचा डावा कोपर बाहेर फेकला जात होता. सत्यशीलाचाही तसाच जायचा. हिंदुराव सर त्यावरून तिला नेहमी टोचून बोलायचे. नकळत तिचे पाय भरभर पडू लागले. अंतर मात्र तसूभर कमी होईना. छातीत शीळ वाजू लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

तिचा श्वास शांत झाला. मग पुढून, धुक्यातून, खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलेला, शेवटी आत ओढला जाणारा. दवाखान्यातल्या रात्रींमध्ये हाच खोकला तिने स्वतःच्या छातीतून ऐकला होता.

घरी येऊन तिने कपडे बदलले आणि श्रीनिवासला सगळं सांगितलं. तो अशक्तपणाचं काहीतरी बोलेल अशी तिची अपेक्षा होती. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"तू दवाखान्यात होतीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मी सकाळी आंघोळीला घरी यायचो. दाराबाहेर तुझे बूट ओले असायचे. चिखल लागलेले. मला वाटलं, दव असेल."

"दवाने चिखल लागतो?"

"नाही लागत. पण मी कुणाला विचारणार होतो?"

तिला तापातले दिवस आठवले. पलंगावर पडल्या पडल्या आपण धावतोय असं सारखं वाटायचं. पाय थांबायचे नाहीत. कुणीतरी आपल्याला थांबवावं म्हणून ती हाका मारायची, आणि नर्स म्हणायच्या, वात झालाय.

"उद्या मी येतो बरोबर," श्रीनिवास म्हणाला.

"नको. मला एकटीला जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावलीच नाही. नुसती चालत गेली. गोठा मागे पडला, धुकं दाटलं, आणि पुढे पिवळा ठिपका दिसला. तोही चालत होता. सत्यशीलाने आपली चाल वाढवली नाही, तरी अंतर हळूहळू मिटत गेलं.

मग ती पाठ अगदी हाताच्या अंतरावर आली. ओला टी-शर्ट खांद्याच्या हाडांना चिकटलेला. केसांतून पाणी ठिबकत होतं. सगळं अंग थरथरत होतं, आणि तरीही पाय पडतच होते. सत्यशीलाला वाटलं होतं आपण किंचाळू. प्रत्यक्षात तिला त्या पाठीची कीव आली.

"बास आता," ती म्हणाली. "थांब."

पुढची थांबली. वळली नाही.

सत्यशीलाने जॅकेटची चेन उघडली. जॅकेट काढून त्या खांद्यांवर घातलं, कॉलर वर केली. बोटं मानेला लागली. नदीतल्या दगडासारखी गार होती ती मान. चेहरा पाहायचा नाही असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. "घरी सगळं ठीक आहे," ती म्हणाली, का ते तिलाही कळलं नाही, आणि मागे फिरली.

तिचे दात वाजत होते. मागे काही वेळ काहीच आवाज नव्हता. मग उसाची पाती सळसळली, कुणी आत शिरावं तशी, आणि ती सळसळ लांब लांब जात राहिली.

त्यानंतर पिवळं कुणाला दिसलं नाही. सत्यशीला गोठ्यावर थांबायची, पण सोजरबाई तिच्याशी पूर्वीसारख्या बोलेनात. लेकराची नजर काढावी तशी तिच्यावरून मीठ-मोहरी मात्र त्यांनी एकदा ओवाळली. सत्यशीला सरांच्या गटाबरोबर खडकीला धावू लागली. आधी थोडं, मग बरंच. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. तरी जुना वेग काही परत आला नाही, आणि तिनेही त्याची चौकशी केली नाही.

जानेवारीत तोडणीवाले आले आणि ऊस गेला. एका रविवारी ती श्रीनिवासला घेऊन त्या रस्त्याने गेली. दोन्हीकडे मोकळी काळी जमीन, कुठेकुठे पाचट जळत होतं.

"इथेच घातलंस जॅकेट?" त्याने विचारलं.

तिने बोट दाखवलं. तो बांध उतरून शेतात थोडा आत गेला, खाली पाहत फिरला, आणि रिकाम्या हातांनी परत आला. मग ऊन वाढलं म्हणून दोघं घरी गेले.