दहा बुद्धीची मेणबत्तीबाई

लेकीच्या घरी दर रविवारी सकाळी खेळ बसायचा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासा टाकायचा. कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याला हा पोरखेळ वाटायचा. पण त्याची बायको त्यात कित्येक वर्षं जादूगारीण होती. तिच्या जादूने फक्त उजेड पडायचा, म्हणून सगळे तिला मेणबत्तीबाई म्हणायचे.

बायको गेली आणि खेळ बंद पडला. तो परत सुरू झाला त्या रविवारी म्हातारा स्वतःच तिच्या खुर्चीत जाऊन बसला. कारण जावयाचा बेत त्याच्या कानावर आला होता: मेणबत्तीबाईला आता वीरमरण देऊन टाकू.

"बाबा, खेळाच्या कागदावर तिच्या बुद्धीला वीसपैकी दहाच गुण आहेत हो," जावई समजुतीने म्हणाला.

"दहा म्हणजे नापास?"

"दहा म्हणजे सरासरी. पण माणसांतली. जादूगारांची सरासरी सोळा तरी धरा. दहावाल्याला जादूच्या शाळेत झाडू मारायलाही ठेवत नाहीत. ती इतकी वर्षं जगली कशी, हेच कोडं आहे."

"मी कुलूपवाला असून घराची किल्ली घरातच विसरतो, जावईबापू. दुकान चालतंयच ना?"

लेक हसली नाही. गोष्ट तीच सांगायची, आणि नियमापुढे तिने आईचीही कधी भीड धरली नव्हती. "समोर ड्रॅगन आहे. वीस बाजूंचा फासा टाका. तिच्या बुद्धीइतके, म्हणजे दहा किंवा कमी पडले तर मेणबत्तीबाईच्या उजेडाने त्याचे डोळे दिपतील. जास्त पडले तर तो तिला खाईल. मग मी तुम्हाला नवं पात्र देईन."

"नवं नको मला."

बायकोचे कपडे मेहुणीने नेले होते. चष्मा कुणी नेला ते कळलंही नाही. एवढी एक बाई शिल्लक होती, तीही अर्धवट शहाणी.

त्याने फासा टाकला. सतरा.

जावयाने लगेच दुखवट्याचा चेहरा केला.

म्हाताऱ्याला बायको आठवली. खेळून आली की चहा ठेवताना खुदखुदायची, "आज कोपराने वाचवलं हो!" टेबलावरून पडलेला फासा कच्चा, तो पुन्हा टाकायचा, हा इथला नियम. त्याने चष्मा सरळ करायच्या निमित्ताने कोपर सरकवलं. फासा टणटणत खाली गेला.

"कच्चा," तो म्हणाला.

लेकीने फासा उचलून त्याच्यापुढे ठेवला. मग जावयाची ट्यूब पेटली. "म्हणजे आई इतकी वर्षं... अरे देवा! दर वेळी पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे करायच्या!"

"सरासरी बाई होती," म्हातारा म्हणाला. "सरासरी माणसाला कोपर लागतंच."

त्याने पुन्हा टाकला. चौदा. आता लागोपाठ दुसऱ्यांदा कोपर म्हणजे दिवसाढवळ्या चोरी. त्याने मान खाली घातली.

लेक फाशाकडे बघत होती. तिचं नाक लाल झालं होतं. तिने पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे केला, आईसारखाच, उगाच लांबचा वळसा घालून. फासा घरंगळत जावयाच्या पायाशी पडला.

जावयाने तो उचलून सासऱ्याच्या हातात दिला. "कच्चा. टाका बाबा."

तिसऱ्यांदा नऊ पडले. ड्रॅगन डोळे चोळत पळाला. खेळ पुढे सरकला, पण पुन्हा लागले तर असू देत म्हणून पाण्याचे ग्लास कुणी टेबलावरून हलवले नाहीत.