मिनिटरावांची बाग

घराचं काम निघालं आणि पाच खोल्यांचा संसार एका खोलीत येऊन पडला. कपाटाला कपाट भिडलं, गाद्यांवर पातेली चढली. त्यातच सासरेबुवा. आयुष्यभर त्यांनी बस डेपोत वेळापत्रकं लावली होती. तिथे त्यांना सगळे मिनिटराव म्हणायचे आणि ते नाव घरापर्यंत आलं होतं. आता हाताला काम नाही म्हटल्यावर ते दिवसभर गवंड्याच्या मागे.

"चहाला तेवीस मिनिटं घेतलीत तुम्ही," हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर गवंडी थापी टाकून सुनेकडे आला.

"ताई, एक तर मी राहीन, नाही तर आजोबा."

सुनेने डोकं चालवलं. मागची अडगळीची शेड पाडून बरीच जागा मोकळी झाली होती. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तिथे बाग करू या. आराखडा तुम्हीच करा, माझ्याच्याने नाही व्हायचं."

खरं तर बाग तिच्या ध्यानीमनीही नव्हती. पण मिनिटराव जे उठले, ते थेट मागे पालथ्या बादलीवर जाऊन बसले. दर तासाला उठायचं, ऊन जिथवर आलं असेल तिथे चुन्याच्या फक्कीची रेघ ओढायची आणि वहीत वेळ टिपायची. गुलाबाला सकाळचं ऊन, लिंबाला दुपारचं, असं सगळं ठरत गेलं.

"बाबा आता सूर्याला उशिराबद्दल मेमो देणार," नवरा म्हणाला. सून पोट धरून हसली.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मिनिटराव दारात घुटमळले.

"सूनबाई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"बागेचं?"

"स्वयंपाकघराचं. खिडकी पश्चिमेला घेतेयस. चार वाजून दहा मिनिटांनी ऊन ओट्यावर चढतं, ते सहापर्यंत हलत नाही. बाहेर बसतो ना, म्हणून दिसलं."

त्या स्वयंपाकघराचा नकाशा सुनेने स्वतः काढला होता, चार वेळा खोडून. तिचं डोकंच फिरलं.

"बाबा, तुम्हाला बाग दिलीय ना? मग बागेतलंच बघा."

"बरं," म्हणून ते गेले.

त्या "बरं"ने तिला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती अर्धवट बांधलेल्या स्वयंपाकघरात जाऊन, जिथे शेगडी येणार होती, तिथे उभी राहिली. थोड्याच वेळात ऊन थेट डोळ्यांत घुसलं. पाच मिनिटांत पाठ घामाने भिजली. अजून तर गॅस पेटायचा होता.

तिने गवंड्याला हाक मारली. "खिडकी मागच्या बाजूला घ्या, बागेकडे."

"दोन दिवसांचं काम पाडायचं? आजोबांची कल्पना ना?"

"चूक माझी आहे. पाडा."

मग ती मागे जाऊन विटांच्या ढिगावर सासऱ्यांशेजारी बसली. "चुकलं माझं, बाबा. खिडकी इकडे येतेय."

"इकडे?" मिनिटराव दचकले. "अगं, तिथे तर मी खताचा खड्डा धरलाय! ओट्याशी उभी राहून तू त्याचा वास घेणार?"

दोघं एकमेकांकडे बघून असे हसत सुटले, की वर प्लास्टर करणारे खाली डोकावले. खड्डा लांबच्या कोपऱ्यात गेला, खिडकीखाली पुदिना आला.

"आणि तुला काय हवं?" मिनिटरावांनी पेन्सिल रोखली.

हे तिला अजून कोणी विचारलंच नव्हतं. टाइल्स, रंग, नळ, सगळं घरासाठी होतं. ती म्हणाली, "बसायला जागा. एकटीला."

"किती वाजता?"

"पाचला."

त्यांनी वही चाळली, उठले आणि तिच्याही हातात फक्की देऊन कुंपणाजवळ एक गोल काढला. "इथे पाचला सावली असते."

तेवढ्यात नवरा कामावरून आला. रेघा, गोल आणि बायकोच्या हातावरचा चुना बघून म्हणाला, "आणि माझी हिरवळ? मला लोळायला?"

"हिरवळ रद्द," बायको म्हणाली.

"तू पाणी घालायचंस," वडील म्हणाले. "सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी."