चित्रकाराच्या घरातली बेडी

मी एक जुनी बेडी आहे. मित्रांनो, दचकू नका. खरे सांगायचे तर तुमच्यापेक्षा मीच जास्त भित्री आहे. लोखंडाला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण जिचे आयुष्य माणसांच्या मनगटांभोवती गेले, तिला त्यांची नाडी ऐकू येते.

मला एका लोहाराने घडवले. दोन कड्या, मध्ये आखूड साखळी आणि प्रत्येक कडीच्या पोटात कुलूप. मी नुसत्या दाबाने मिटते, उघडायला मात्र किल्लीच लागते. लोहाराच्या कामाची वाहवा झाली, तरी मला तुरुंगात पोचवताना त्याने फडक्यात गुंडाळून नेले. कुणी पाहू नये, असे त्याला वाटले असावे.

तुरुंगातली वर्षे मी फारशी सांगणार नाही. दांडगी माणसे, किडकिडीत माणसे, गुन्हा केलेली आणि न केलेलीही. पहिल्या क्षणी सगळ्यांची मनगटे सारखीच थरथरत. पुढे हलक्या, चकचकीत बेड्या आल्या आणि मी अडगळीत पडले. अशा वेळी इतर वस्तू रडतात म्हणे. मी मनात म्हटले, सुटले बुवा एकदाची!

भंगारवाल्याकडून मला एका चित्रकाराने आणले. तो मोठ्यांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्यांची मुखपृष्ठे रंगवतो. उडते साप, काळे किल्ले, अंधारकोठडीतल्या राण्या, असले सगळे. खरी वस्तू समोर असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, हा त्याचा हट्ट. त्याने माझा गंज घासला आणि कुलपांत तेल सोडले. तेही कोणते, तर रंगात घालतात ते जवसाचे, कारण तेच हाताशी होते. तेल ते तेल, असा त्याचा हिशेब! किल्ली अगदी अलगद फिरली. खूश होऊन त्याने मला खिडकीजवळच्या खिळ्याला टांगले. तिथे उन्हात ते तेल आधी चिकट झाले, मग आतल्या आत सुकून घट्ट बसले. चित्रावरचे रंग धरून ठेवणारे तेल ते, माझे कुलूप थोडेच सोडणार? मला सारे कळत होते, पण सांगणार कशी?

कैदेतली राणी म्हणून बसायला त्याची थोरली बहीण आली. तिचे शिवणकामाचे दुकान आहे.

"लवकर आटप हं, कापड बेतायचं पडलंय," ती म्हणाली. "आणि राणीच्या अंगावर तुझा जुना पडदा का रे?"

"पडदा नाही गं ताई, शाही झगा आहे तो. बस नीट."

त्याने माझी एक कडी रिकामीच मिटवली आणि दुसरी तिच्या उजव्या मनगटावर ठेवून दाबली. टक् झाले आणि मी तिचे मनगट धरले.

चित्र झकास चालले होते. उजेड बदलला तेव्हा त्याने ब्रश ठेवला आणि किल्ली लावली. ती अर्धी फिरून अडली. त्याने जोर केला, तर किल्लीचा दात आतच मोडला.

"अरे, पुरे झाली राणीगिरी. काढ आता."

"निघत नाहीये."

"चेष्टा नको हं."

"ताई, खरंच निघत नाहीये गं."

तिने हात ओढला, साबण लावला, पुन्हा ओढला. मनगट सुजत गेले आणि माझी कडी त्यात रुतत गेली. बोटे लाल झाली, मग निळसर. कात्री धरायचा हात होता तो, तिचे घर त्याच्यावर चालते. ती आता हसत नव्हती.

"बोटं बधिर झालीत रे. दवाखाना लांब आहे. करवत आण."

त्याने लोखंड कापायची करवत आणली. कातडी आणि कडी यांच्यामध्ये रंग खरवडायची पातळ पट्टी कशीबशी सरकवली. पण पाते कडीवर ठरेना. पाते घसरले असते तर खाली शीरच होती. माझ्या भीतीला पारावार उरला नाही. आयुष्यभर मी फक्त धरायला शिकले होते, सोडायला कुणी शिकवलेच नव्हते.

"माझ्याकडे बघू नकोस," ताई म्हणाली. "रेघ ओढतोयस असं समज. सरळ रेघ. रोज ओढतोस ना?"

त्याने डोळे पुसले आणि रेघ ओढली. मग त्याच रेघेवर पुन्हा, पुन्हा. करवतीचे दाते माझ्या अंगात शिरत होते आणि मी एकच घोकत होते, तुटू दे मला, लवकर तुटू दे. अखेर कडी तुटली. त्याने ती पकडीने वाकवली आणि हात बाहेर आला. ताईने अंगठा आणि बोटे जुळवून हवेतच कात्री चालवून पाहिली. चालली. तेव्हा दोघेही रडले.

चित्रकाराने राणीचा चेहरा खरवडून नव्याने रंगवला. आधी ती नुसती रुसल्यासारखी दिसत होती. आता लोक विचारतात, "इतकी खरी भीती कशी जमली हो?" तो ब्रश धुवायला वळतो.

मित्रांनो, चित्रात मला खुशाल काढा. पण या घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला उचलतो आणि हसत हसत आपले मनगट कडीत घालून बघतो. प्रत्येक वेळी मी भीतीने गार पडते. पण कापलेली ती कडी मिटत नाही, पाहुणा हिरमुसतो आणि म्हणतो, "एवढी छान वस्तू, जोडून का घेत नाही?" तुम्हाला हात जोडून सांगते, मला कुणी जोडू नका.