मोमॅडमल

जेद्दाच्या बलद या जुन्या भागातल्या त्या हॉटेलात कोकणातून उमराच्या यात्रेला येणाऱ्यांसाठी खोलीखोलीत मराठी सूचनांचा कागद ठेवायचे. जुन्या मॅनेजरनं प्रत्येक बाईमाणसाच्या नावापुढे 'बाई' चिकटवून ठेवलेलं. आणि आज नेमक्या मंडणगडच्या फरहाना येणार होत्या, इफराच्या आई! हॉटेलातल्या नदीमचं इफराशी लग्न जमणार की फिसकटणार, ते त्यांच्या एका होकारावर.

इफरानं फोनवर बजावलेलं, "अम्मीला बाई म्हटलंस तर खलास! आमच्याकडे भांडी घासायला येते ती बाई."

"मग बस एकेक फाईल उघडत," रिसेप्शनवरचे कादिरभाई म्हणाले.

"उघडायची कशाला?" कॉम्प्युटरवाला नदीम फुशारला. "हुकूम आधीच लिहून ठेवायचे, तीच स्क्रिप्ट. 'बाई' दिसली की 'मॅडम' कर, सेव्ह कर, बाहेर पड. मग ते पाईपमधून एडिटरच्या, म्हणजे फायली दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामच्या, घशात ओतायचे. स्क्रिप्ट सगळ्या फायलींवरून फिरते आणि थेट प्रिंटर! एडिटरचं तोंडसुद्धा बघावं लागत नाही."

"म्हणजे सासूबाईची सासूमॅडम?"

"हसा, हसा!" नदीमनं एंटर मारला. प्रिंटर खडखडला, कागद खोल्यांत पोचले.

संध्याकाळी फरहाना कागद घेऊनच खाली उतरल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"फरहाना मॅडम. हे बरं लिहिलंय. पण ही मोमॅडमल कोण?"

नदीमला कळेना. त्यांनी वाचून दाखवलं, "'आपला मोमॅडमल सांभाळा. नमाजच्या वेळी मोमॅडमल बंद ठेवा. रात्री मोमॅडमल चार्जिंगला लावून झोपू नका.' अरे, कोणाची बायको आहे ही? आणि चार्जिंगला का लावायची?"

मो-बाई-ल! नदीमच्या कानांतून धूर निघाला. कादिरभाई काउंटरखाली पेन शोधायला वाकले ते वर येईनात. खांदे तेवढे गदगदत होते.

नदीमनं सगळं सांगून टाकलं, बाईपासून पाईपपर्यंत.

"म्हणजे न बघता बदललंस, न बघता छापलंस?"

"स्क्रिप्टमध्ये तसंच असतं, मॅडम."

"निकाहनाम्यावर सहीपण पाईपमधूनच करशील?"

"नाही! तो उघडून. अख्खा वाचून."

"बघू. उघड फाईल. मोठ्यानं वाच."

नदीमनं फाईल उघडली. शाळेतल्या पोरासारखा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला, मोमॅडमल भेटली की थांबून हातानं मोबाईल करत. फरहाना शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांनी इफराला फोन लावला.

"पोरगा घायकुत्या आहे गं. पण बसवला की वाचतो. अब्बांना सांग, तारीख बघा." फोन ठेवून त्या नदीमकडे वळल्या, "आणि मॅडम काय? मी काय इन्स्पेक्टर आहे? अम्मी म्हण."

कादिरभाई एकदाचे वर आले. "यल्ला नदीम, चालव स्क्रिप्ट! मॅडमच्या जागी अम्मी!"

नदीमनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून पाठीमागे बांधले.