माझ्या पोटातली तीन नावं

मी एक नोंदवही बोलतेय. दोनशे पानांची, जाडजूड, कापडी पाठीची. पण पोटात नावं अवघी तीन. हसू नका.

कंपन्यांचे खरे मालक पडद्याआड राहतात आणि कागदावर भलतंच नाव असतं. म्हणून नियम आला: कारभार खरा कोणाच्या हातात आहे, ते नाव आणि राहता पत्ता लिहा, आणि मागेल त्याला दाखवा. मला हा नियम मनापासून आवडला. लपवाछपवीला आळा बसतो, आणि माझ्यासारखीला नोकरी मिळते!

पण मी येऊन पडले एका धर्मादाय संस्थेत. घरी मार खाऊन पळालेल्या बायकांना ती आसरा देते. तिला मालक असा कुणीच नाही, पण कंपनी म्हणून नोंदलेली, त्यामुळे नियमातून सुटका नाही. कारभार पाहणाऱ्या तिघांची नावं लिहायची होती: निवृत्त मुख्याध्यापिका, एक वकील आणि शिवणवर्ग चालवणारी ताई. ही ताई अकरा वर्षांपूर्वी स्वतःच इथे आसऱ्याला आली होती. नवरा अजून तिचा माग काढत होता.

"तुम्ही राजीनामा द्या," वकील काकुळतीला येऊन ताईला म्हणाले. "पत्ता झाकायची परवानगी मिळते, आपण अर्ज करू. पण उत्तर येईपर्यंत तो लिहावाच लागेल हो!"

"मार मी खाल्ला, आणि खुर्चीही मीच सोडू?" ताई म्हणाली. "द्या इकडे ती वही."

तिने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. एक अक्षर गाळलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि धडकीही भरली. कारण मागेल त्याच्यापुढे मला उघडावंच लागणार होतं.

आठवड्याभरात तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मुख्याध्यापिकाबाईंनी फोटो पाहिलेला होता, त्यांनी नवऱ्याला लगेच ओळखलं.

"मालकांची वही बघायचीय. माझा हक्क आहे."

"आहे ना," बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी माझं शेवटचं पान उघडलं. "बसा. नियमाप्रमाणे आधी इथे तुमचं नाव, पत्ता आणि वही कशासाठी बघायची ते लिहा. हे पानही मागेल त्याला दाखवतो आम्ही."

त्याने नाव लिहिलं. पत्ता लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडलं.

"सहज, असं लिहिलं तर चालेल?"

"खरं असेल तर चालेल. खोटं लिहिणं गुन्हा आहे, एवढं लक्षात ठेवा."

तो पेन टाकून, माझं पहिलं पान न बघताच, तरातरा जिना उतरून गेला. बाईंनी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्यात परवानगी आली. ताईच्या पत्त्यावर आता कोरी पट्टी आहे. नाव उघडंच आहे; तिनेच तसं ठेवायला लावलं.

तुम्हीही मला बघायला जरूर या. मी कुलपात नसते. फक्त कशासाठी आलात, ते तुमच्या हाताने लिहावं लागेल.