पायाचं हाड जबड्यात

ढोकीच्या बाजारात अनिसा बांगड्या भरायची. काच चढताना बाईला दुखू नये म्हणून ती तिला बोलण्यात गुंतवून हसवत ठेवायची. एकदा तिच्याच डाव्या गालाखाली सूज आली. दुखत काहीच नव्हतं. दाढेचं असंल, म्हणत तिनं वर्ष काढलं. मग दाढा हलायला लागल्या, तोंड वाकडं दिसू लागलं, आणि हात पुढं करणाऱ्या बाया नजर चुकवू लागल्या. "तंबाखू खात असंल," कुणीतरी कुजबुजलं. अनिसानं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

नवऱ्यानं, मुनवरनं, तिला सोलापूरला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर अर्पितांनी दोघांना समोर बसवलं.

"हा कॅन्सर नाही. ज्या पेशींपासून दात तयार होतात, त्यांचीच ही गाठ आहे. पण ती हाड पोखरते. नुसती खरवडली तर परत येईल. तेवढा जबडा काढून तिथं पायाचं हाड बसवू."

मुनवर चपापला. "आन् मग ही चालंल कशी?"

"गुडघ्याखाली दोन हाडं असतात. भार जाड हाडावर असतो. बारीक हाडाचा तुकडा घेतला तरी माणूस चालतो."

मुनवर तिच्या पायाकडं बघू लागला. अनिसाच म्हणाली, "घ्या डॉक्टर. पाय माझा, तोंडबी माझंच. दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं?"

दिवसभर ऑपरेशन चाललं. शुद्धीवर आल्यावर गळ्यात नळी होती, शब्द फुटत नव्हता. तिनं खुणेनं आरसा मागितला. मुनवर कचरला, पण दिला. सुजलेल्या चेहऱ्यावरून तिनं हळूच बोट फिरवलं. खाली हाड होतं, सलग, कानापर्यंत. ती रडली, पण डोळे हसत होते.

पुढचे महिने पेजेवर गेले. वॉकर धरून ती अंगणात फिरायची. खालचा ओठ बधिर, प आणि ब निसटून जायचे. म्हणून ती चालता चालता घोकायची, "पाटली, बिलवर, बांगडी." मुनवर दारात बसून चुका काढायचा आणि शिव्या खायचा. शिव्या मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट होत्या.

वर्षभरानं त्या नव्या हाडात दात बसले. डॉक्टरांनी सगळं खायची मोकळीक दिली, त्या दिवशी शेजारच्या कस्तुराबाई कौतुकानं मऊ भात घेऊन आल्या. अनिसानं ताट बाजूला सारलं, दुरडीतली कडक भाकरी घेतली आणि डाव्या बाजूनं चावली. कडाड् आवाज झाला.

"अगं, हळू!" कस्तुराबाई किंचाळल्या.

"मावशी," भरल्या तोंडानं अनिसा म्हणाली, "ठेचा आणा की वाईच."