शनिवारचा डबा

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. हसा मित्रांनो, खुशाल हसा. चौकोनी पत्रा, झाकणावर रंग उडालेला गुलाब. मला बघून दुसरं काय सुचणार? पण एके काळी जळगावातल्या एका केळीच्या पेढीचा जीव माझ्या पोटात होता. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहेच.

कोणा पाहुण्याच्या हातून मी गौतमचंद शेठजींच्या घरी आलो. बिस्किटं पोरांनी बघता बघता फस्त केली. शेठजींच्या पत्नी सुगनबाई यांनी मला धुऊनपुसून उन्हात वाळवलं आणि माझ्यात मुगाचे पापड भरले. ते दिवस फार सुखाचे होते. झाकण उघडलं की सगळ्या घराला वास जायचा.

शेठजींची पेढी फैजपूरकडची केळी ट्रकांनी दिल्लीला पाठवी. कोणाची बाग कधी लावली, घड कापणीला कधी येणार, ट्रक कोणत्या दिवशी कोणाच्या बांधावर उभा करायचा, हे सगळं शेठजींच्या डायऱ्यांत असे. एका पावसाळ्यात त्या डायऱ्यांना वाळवी लागली. मग त्यांचा मुलगा निर्मलकुमार हट्टानं संगणक घेऊन आला आणि तो चालवायला नशिराबादहून रोज एसटीनं प्रमिला येऊ लागली. तिच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच.

त्या वेळच्या त्या संगणकाच्या स्वतःच्या पोटात काही राहत नसे. सगळी माहिती फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी, पापडासारखी पातळ, काळी चौकोनी वस्तू. पेढीतल्या फ्लॉप्या कुलपाच्या पेटीत असत आणि किल्ली शेठजींच्या कमरेला. तरी प्रमिलाचं समाधान होईना.

"कुलूप चोराला अडवेल, शेठजी," ती म्हणाली. "पाण्याला, उंदराला कोण अडवणार? एक नक्कल दुसऱ्या छपराखाली पाहिजे."

म्हणून माझे पापड निघाले आणि फ्लॉप्या आल्या. खरं सांगतो, मला राग आला होता. ना वास, ना चव! दर शनिवारी प्रमिला नवी नक्कल आणायची आणि जुनी घेऊन जायची. पहिल्याच दिवशी तिनं सुगनबाईंना बजावलं, "अक्का, मी शनिवारी येईन तेव्हाच हा डबा उघडायचा. मधे कोणालाच द्यायचा नाही. शेठजींनाही नाही."

सुगनबाईंनी मला पदरानं पुसलं. पेढीची गोष्ट आजवर कोणी त्यांच्या हाती दिली नव्हती. पापड, लोणची, पाहुणे, सणवार, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला कपाटात सगळ्यात वर ठेवलं आणि माझा राग तिथेच विरघळला.

दिवाळी आली. प्रमिला सुट्टीवर होती. लक्ष्मीपूजनाला पेढीत दरवर्षी वह्यांची पूजा होई. आता वह्या नाहीत, मग फ्लॉप्यांची पूजा नको का? शेठजींना ते सरळच वाटलं. दुपारी ते घरी आले आणि म्हणाले, "डब्यातल्याही दे. सगळ्यांची एकदमच पूजा करतो."

"आज शनवार नही शे," सुगनबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

"अगं, लक्ष्मीचं काम आहे!"

"मी तिले शब्द देल शे. कोन्हालेच नही."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं शेठजींना असं कधी अडवलं नव्हतं, तेही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. ते पाय आपटत निघून गेले आणि सगळी दिवाळी त्यांनी अबोला धरला. फराळाचं ताट सुगनबाई पुढे ठेवायच्या आणि आत येऊन डोळे टिपायच्या. मी वरून बघत होतो.

तिकडे पेढीत शेठजींनी एकेका फ्लॉपीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता चिकटवल्या, वर गंगाजल शिंपडलं. दिवाळीनंतर प्रमिलानं पहिली फ्लॉपी यंत्रात घातली, तर नुसती खरखर. दुसरी, तिसरी, तेच. तिकडे फैजपूरला केळी कापणीला आलेली, आणि ट्रक कोणाकडे पाठवायचा ते कोणालाच ठाऊक नाही.

"पूजेनं कधी काही बिघडतं का?" शेठजी गरजले. "तूच काहीतरी करून गेलीस. उद्यापासून येऊ नकोस!"

प्रमिला रडली नाही. सरळ शेठजींच्या घरी आली. मागोमाग निर्मलकुमार आणि शेठजीही आले. सुगनबाई मला पोटाशी धरून दारात उभ्या.

"आज शनवार शे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, अक्का," प्रमिला म्हणाली. "पण आज द्या."

शेठजींनी हात पुढे केला. सुगनबाईंनी त्या हाताला वळसा घालून मला प्रमिलाच्या हातात ठेवलं. पेढीत नेऊन प्रमिलानं आधी माझ्यातल्या फ्लॉप्यांची आणखी एक नक्कल केली आणि मगच काम सुरू केलं. सगळ्या बागा जशाच्या तशा सापडल्या. ट्रक वेळेवर गेले. नोकरीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला शेठजी पूजेचं ताट घेऊन कपाटापाशी आले. "झाकणाला वरून कुंकू लावलं तर चालेल का?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं. सुगनबाई हसून हो म्हणाल्या. गुलाबावरचं हे लाल बोट तेव्हाचं.

मग नवी यंत्रं आली, फ्लॉप्या गेल्या आणि मी माळ्यावर पडलो. सुगनबाईही गेल्या. घर बदलताना सून प्रेमकुंवर मला भंगारात घालत होती. थकलेले शेठजी खाटेवरून म्हणाले, "तो निर्मलच्या आईचा आहे. तिला विचारल्याशिवाय देऊ नका."

मग त्यांनाच आठवलं, आता विचारायचं कोणाला.

मित्रांनो, तुमच्याकडे आता भारी कुलपं असतील. ती जरूर लावा. पण मोलाच्या गोष्टीची एक नक्कल दुसऱ्या छपराखाली ठेवा, आणि जपायला असं माणूस शोधा, जे घरच्या धन्यालाही नाही म्हणू शकेल. असं माणूस मिळालं की त्याला जीव लावा.

आणि माझं म्हणाल, तर शेठजींनी प्रमिलाला निरोप धाडला. ती आली, मला पदरानं पुसलं आणि नशिराबादला घेऊन निघाली. दारातून शेठजींनी विचारलं, "आज वार कोणता गं?"

"शनिवार, शेठजी."

"मग ने," ते म्हणाले.